काठावरची नोट

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे. दहाची. माझ्या अंगावर ‘नमुना’ असा जांभळा शिक्का आहे आणि मधोमध एक भोक आहे, त्यामुळे मला घेऊन तुम्ही दुकानात गेलात तर दुकानदार हसेल. माझ्या बदल्यात आता काही येत नाही. पण एके काळी लाखो नोटांचं नशीब माझ्याकडे बघून ठरत असे. ते कसं संपलं, ती गोष्ट १९८३ सालची आहे. इतकी वर्षं झाली, तरी मी त्यातलं काही विसरलेली नाही.

माझा जन्म कापसाच्या चिंध्यांतून झाला. चिंध्या भिजवून, कुटून, लाटून कागद केला, त्यावर बारीक रेघांची नक्षी छापली आणि नव्याण्णव बहिणींबरोबर एका गड्डीत मला बांधलं. तेव्हा मी इतकी कडक होते की वाऱ्यावर वाजत असे. पुढची तीन वर्षं मी जग पाहिलं. शिंप्याच्या गल्ल्यात राहिले, एका मुलीच्या कंपासपेटीत राहिले, बसच्या वाहकाच्या घामट मुठीत लांबट घडी होऊन राहिले. एकदा खिशातच राहून धुतलेही गेले. एका कारकुनाने माझ्या डाव्या कोपऱ्यावर पेन टेकवलं आणि तिथे मसुराच्या दाण्याएवढा निळा डाग पडला. हा डाग लक्षात ठेवा.

मग एका गोणीतून मी बँकेच्या निवडीच्या खोलीत आले.

या खोलीची तुम्हाला माहिती नसेल. बाजारातून परत आलेल्या नोटा इथे येत. लांब टेबलापाशी आठ बायका बसत. प्रत्येकीपुढे पाण्याने भिजलेल्या स्पंजाची डबी आणि तीन लाकडी खोकी. एकात चालणाऱ्या नोटा, दुसऱ्यात मळक्या, तिसऱ्यात फाटक्या. चालणाऱ्या पुन्हा बाजारात जात. बाकीच्यांना भोक पाडून खालच्या मजल्यावरच्या भट्टीत टाकत. शंभर नोटांची गड्डी झाली की तिच्यावर कागदी पट्टी चढे आणि त्या पट्टीवर निवडणारीची सही. गड्डीत काय निघालं याची जबाबदारी त्या सहीवर.

फाटकी नोट कोणालाही ओळखता येते. भांडण असतं ते मळक्या नोटेचं. किती मळली म्हणजे मळली? एकीला जी चालेल ती दुसरीला चालणार नाही. म्हणून बँकेच्या मोठ्या कार्यालयाने एक रीत घातली होती. दर जानेवारीत तिथून एक नोट यायची, बरोबर काठावरची. म्हणजे एवढी मळकी चालेल, याहून जास्त मळलेली बाद. ती काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायची आणि वर्ष संपलं की जाळून नवी लावायची.

१९७७ साली त्या चौकटीत मी गेले. मला निवडलं होतं चाळणीबाईंनी.

त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण खोलीत सगळे चाळणीबाईच म्हणत. हातातून काही सुटत नसे म्हणून. खोलीतल्या सगळ्यांत जुन्या त्याच. बोटं अशी चालत की बघणाऱ्याला नोटा आपणहून उठून आपापल्या खोक्यात जातात असं वाटे. त्यांनी मला उजेडात धरलं, उलटवलं, पुन्हा धरलं आणि बाजूला ठेवून म्हणाल्या, “ही बघा. हिला ना ठेवता येत, ना टाकता येत. मोठ्या कार्यालयाला पाठवा, नमुना करतील.”

शेजारी बसणारी म्हणाली, “ताई, माझी सासूबाई पण तशीच आहे. तिलाही पाठवू का?”

ही घाईबाई. तिचे हात भराभर चालत आणि तोंड त्याहून भराभर.

मोठ्या कार्यालयाने शिक्का मारून, मागे साल घालून मला परत पाठवलं. खोलीच्या साहेबांनी माझ्या पाठीवर सही केली आणि मी भिंतीवर चढले. त्या दिवसाइतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नाही. बाजारात माझी किंमत दहाची होती. इथे माझी किंमत कोणी विचारतच नव्हतं. रोज सकाळी डबीत पाणी घातलं की चाळणीबाई उभ्या राहून माझ्याकडे क्षणभर बघत आणि मगच बसत. त्या म्हणत, “डोळ्याला रोज सकाळी वळण लावून घ्यावं लागतं.” घाईबाई कधी बघत नसे. ती म्हणे, “मळ कळायला भिंत कशाला बघायला पाहिजे? मला तीन पोरं आहेत.”

खोलीचे साहेब नवे होते. आणि ते चाळणीबाईंचे सख्खे भाचे होते, धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर विधवा झाली तेव्हा चाळणीबाईंनी तिला आणि तिच्या लहान मुलाला आपल्या घरी आणलं. त्याला शिकवलं, नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकला, निवडीच्या टेबलापाशी शेजारी बसवून मळ कसा बघायचा तेही शिकवलं. परीक्षा देऊन तो साहेब झाला तेव्हा त्यांनी खोलीभर पेढे न वाटता सगळ्यांना एकेक नवीन स्पंज वाटला. घाईबाई म्हणाली, “ताई, हा चावायचा कसा?”

आता १९७८ च्या जानेवारीकडे येऊ. नवी नोट पाकिटातून आली होती. महिनाअखेरीपर्यंत मला उतरवायचं होतं. पण भाचा मित्राच्या लग्नाला गेला आणि चार दिवस उशिरा परतला. उशीर झाला असं लिहिलं तर कारण द्यावं लागणार, आणि ते त्याच्या नोकरीच्या कागदांत जाणार. त्याने नमुन्यांच्या नोंदवहीत तीस जानेवारीची तारीख घातली आणि लिहिलं, ‘जुना नमुना जाळला, नवा लावला.’ खाली दोन सह्या लागत. दुसरी सही खोलीतल्या सगळ्यांत जुन्या बाईची.

“मावशी, सही कर गं,” तो टेबलापाशी येऊन म्हणाला.

चाळणीबाईंच्या दोन्ही हातांत नोटा होत्या. “जाळलास ना?”

“जाळला.”

त्यांनी डाव्या हातातली गड्डी ठेवली आणि सही केली. वर पाहिलं नाही. घरातल्या मुलाने सांगितलं, संपलं.

संध्याकाळी तो पेचकस घेऊन माझ्यापाशी आला. चौकटीचे स्क्रू गंजले होते. दोनदा फिरवून बघितलं, मग पेचकस खिशात घातला आणि पुटपुटला, “उद्या सुताराला बोलावतो.” सुताराच्या पावतीवर तारीख पडणार, हे त्याला रात्री आठवलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सुतार आला नाही. नंतरही कधी आला नाही. नवं पाकीट माझ्याच खाली त्याच्या टेबलाच्या खणात गेलं. पुढच्या जानेवारीत दुसरं पाकीट आलं, तेही त्याच खणात. वहीत दर वर्षी मी जळत होते आणि दर वर्षी माझ्या जागी मीच लागत होते.

मित्रांनो, जिवंतपणी आपल्या मरणाच्या नोंदीवर सही होताना बघणं सोपं नसतं.

त्याहून वाईट जे झालं ते हळूहळू झालं. चौकटीच्या एका कोपऱ्यात काच बसली नव्हती. खालच्या भट्टीचा धूर जिन्यावरून वर येई आणि त्या फटीतून आत शिरे. बाद झालेल्या नोटांचा, माझ्याच बहिणींचा धूर. समोरच्या खिडकीतून दुपारभर ऊन माझ्यावर पडे. मी पिवळी पडले, मग करडी. एका दिवसात काहीच दिसत नव्हतं. सहा वर्षांत मी काठावरून पलीकडे उतरून गेले, आणि सगळी खोली समजत होती की काठ अजून तिथेच आहे.

सगळी खोली म्हणजे खरं तर एकट्या चाळणीबाई. घाईबाईसारख्या बाकीच्या आपल्या अंदाजाने निवडत होत्या. माझ्याशी प्रामाणिक राहून, रोज सकाळी माझ्यावरून डोळ्याला वळण लावून घेणारी ती एकटी बाई. मी जेवढी मळत गेले, तेवढ्या मळक्या नोटा त्या बरोबर मापाने चालू खोक्यात टाकत गेल्या.

एकदा त्यांना शंका आली होती. १९८० ची गोष्ट. सकाळी माझ्यापुढे त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

“अरे, हा डाग,” त्या म्हणाल्या. “गेल्या नमुन्यालाही इथेच होता. त्याच्या आधीच्यालाही.”

भाच्याने कागदातून मान वर केली नाही. “मावशी, सगळ्या नमुन्यांवर मुद्दाम टाकतात तो डाग. खूण म्हणून.”

“कधीपासून?”

“आता नवीन नियम. तुला नाही सांगितलं का?”

“नाही बाबा.”

“मग आता सांगितलं.”

त्या हसल्या. “तुझा तूच साहेब.” आणि जागेवर जाऊन बसल्या. मी काचेमागून ओरडले असते. पण नोटेला आवाज असतो तो नवी असताना, आणि तोही वाऱ्याचा.

१९८३ च्या सप्टेंबरात मोठ्या कार्यालयातून तपासनीसबाई आल्या. हातात कातडी पिशवी, पिशवीत त्या वर्षाचा नमुना. त्यांनी प्रत्येकीच्या दोन-दोन गड्ड्या उचलल्या, पट्ट्या सोडल्या आणि चालणाऱ्या नोटा एकेक करून नमुन्याशी लावून बघितल्या. शंभरात तीन चुका चालत. घाईबाईच्या दोन निघाल्या. इतर कोणाच्या एक, कोणाच्या तीन. चाळणीबाईंच्या गड्डीत एकोणीस मळक्या नोटा निघाल्या. दुसऱ्या गड्डीत बावीस.

खोलीतले सगळे हात थांबले.

“बाई,” तपासनीसबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. “डोळे कधी तपासले होते?”

“डोळ्यांना काही झालेलं नाही,” चाळणीबाई म्हणाल्या. “तुम्ही भिंतीवरच्या नमुन्याशी लावून बघा. जुळतील.”

“भिंतीवरचा आणि माझ्याकडचा एकच आहे.” त्या भाच्याकडे वळल्या. “दर वर्षी बदलता ना?”

भाच्याने वही उघडून पुढे केली. सहा वर्षं, सहा नोंदी, प्रत्येकीखाली दोन सह्या. तपासनीसबाईंनी बोट ठेवलं. “ही दुसरी सही कोणाची?”

“माझी,” चाळणीबाई म्हणाल्या.

“म्हणजे तुमच्यासमोरच बदलला.”

त्या भाच्याकडे बघत राहिल्या. तो आता बोलेल, असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. त्याच्या खणात सहा बंद पाकिटं होती. हात लांब केला असता तर खण उघडला असता. त्याचा हात हलला नाही, आणि तो म्हणाला, “या बाईंना हल्ली जरा कमी दिसतं. वय झालं. मी म्हणणारच होतो.”

या बाईंना. त्या खोलीत तो त्यांना मावशी म्हणत असे, बाकीच्यांनी चिडवलं तरी. त्या दिवशी मावशी नव्हती, एक बाई होती.

तपासनीसबाईंनी एकदा मान वर करून भिंतीकडे बघितलं. पण दुपार होती. माझ्या काचेवर ऊन पडलं होतं, आणि त्यांना काचेत फक्त खिडकी दिसली.

चाळणीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुढ्यातल्या नोटांकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “असेल. दिसत नसेल मला.”

मला सगळ्यांत जास्त तुटल्यासारखं झालं ते तेव्हा. त्यांची नोकरी गेली म्हणून नाही. दोन वर्षं उरली होती, ती डोळ्यांच्या कारणावरून काढून घेतली, महिनाअखेरीस घरी पाठवलं, ते दुःख होतंच. पण ज्या डोळ्यांनी त्या तीस वर्षं जगल्या, त्यांच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. आणि डोळ्यांची चूक नव्हती. चूक माझी होती. मी माप होते, आणि मापच खोटं झालं होतं.

त्यांच्या निरोपानंतरच्या दुसऱ्या रविवारी भाचा एकटाच खोलीत आला. खिशातून पेचकस काढला. सहा वर्षं जे स्क्रू हलत नव्हते ते एका दुपारी हलले. चौकटीचा कोपरा तेवढा मोडला. त्याने सगळ्यांत नवं पाकीट फोडून नवी नोट लावली, उरलेली पाच पाकिटं आणि मला मळक्या नोटांच्या गोणीत तळाशी खुपसलं आणि हात झटकले.

त्या आठवड्यात गोणीतल्या नोटांना भोक पाडायचं काम घाईबाईकडे होतं. तिच्या भराभर चालणाऱ्या हातात मी आले. तिने दांडा खाली दाबला, माझ्या मधोमध भोक पडलं आणि ती पुढची नोट घेणार तोच तिला जांभळा शिक्का दिसला. तिने मला उलटवलं. मागे ‘नमुना, १९७७’ आणि साहेबांची सही.

“अगं बाई,” ती हळू म्हणाली. “तू तर सहा वर्षांपूर्वी मेलीस ना?”

मग तिने गोणीत हात घालून पाच पाकिटं काढली. भिंतीवरच्या नव्या नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घाईबाईला कधी कोणी विचार करताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिचे हात चांगली पाच मिनिटं थांबले होते. शेवटी तिने पाकिटं होती तिथे ठेवली, कारण कार्यालयाची बंद पाकिटं बाहेर नेणं म्हणजे चोरी ठरली असती. मला मात्र तिने आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात घातलं.

संध्याकाळी ती चाळणीबाईंच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी टेबल. टेबलावर परातीत तांदूळ होते आणि ते धाकटी बहीण निवडत होती. चाळणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“तुम्ही नाही निवडत, ताई?” घाईबाईने विचारलं.

“मला नको देऊ. खडे राहतील.”

बहीण म्हणाली, “महिनाभर हेच चाललंय. सुईत दोरासुद्धा मीच ओवून देते.” आणि ती चहा ठेवायला आत गेली.

घाईबाईने मला बाहेर काढून चाळणीबाईंच्या मांडीवर ठेवलं. “गोणीत सापडली. मागे बघा.”

त्यांनी आधी डाग बघितला. मग मागचं साल, मग सही. मग उठून खिडकीशी गेल्या, पिशवीतून एक साधी दहाची नोट काढली आणि आम्हा दोघींना शेजारी धरलं. बराच वेळ. माझ्या भोकातून संध्याकाळचं ऊन त्यांच्या गालावर पडलं होतं.

“मळकी आहे,” त्या म्हणाल्या.

“कधीची बाद व्हायला हवी होती,” घाईबाई म्हणाली. “ताई, तुम्ही चुकला नव्हता. मी चुकत होते. मी कधी हिच्याकडे बघितलंच नाही, म्हणून वाचले.”

आतून कपांचा आवाज आला. चाळणीबाईंनी मला सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

रविवारी भाचा आला. लग्न झाल्यापासून तो वेगळा राहत असे, रविवारी आईला भेटायला येई. चाळणीबाईंनी त्याला टेबलापाशी बसवलं, डबा उघडला आणि मला त्याच्यापुढे ठेवलं.

“लाव,” त्या म्हणाल्या. “कुठल्या खोक्यात?”

तो माझ्याकडे बघत राहिला.

“शिकवलं होतं ना. लाव.”

“मळक्यात,” तो म्हणाला. मग मान खाली घालून, “मावशी, मी नवा होतो तेव्हा. घाबरलो होतो. उद्या बदलू, उद्या बदलू, असं करत...”

“नवा होतास म्हणून तर मी न बघता सही केली. आणि सप्टेंबरात? तेव्हाही नवाच होतास?”

त्याचं बोट माझ्या निळ्या डागावर गेलं.

“हा डाग मला दिसला होता,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांनी मला सांगितलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं.”

दारात त्याची आई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. “काय चाललंय मावशी-भाच्यांचं?”

चाळणीबाईंनी हात पुढे करून मला तळव्याखाली झाकलं.

“काही नाही गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मुलाची उजळणी घेतेय. थोडं विसरलाय.”

तो निघाला तेव्हा त्या जिन्यापर्यंत गेल्या. परत येऊन डब्याचं झाकण लावताना पुटपुटल्या, “पत्र लिही म्हटलं. मोठ्या कार्यालयाला, त्याचं त्यानेच. मी लिहिणार नाही.”

त्याने पत्र लिहिलं नाही.

पुढे कोणाचं काय झालं तेही सांगते. भाचा मोठ्या कार्यालयात गेला, मानाने निवृत्त झाला. तो दर रविवारी येत राहिला आणि चाळणीबाई त्याला चहा देत राहिल्या. पण बाहेर ऊन आहे असं जरी तो म्हणाला, तरी त्या उठून खिडकीतून बघून येत. तपासनीसबाईंना शेवटपर्यंत काही कळलं नाही. घाईबाई पुढे खोलीतली सगळ्यांत जुनी बाई झाली. जानेवारीत वही सहीला आली की ती म्हणे, “आधी भट्टीपाशी चला. जळताना बघते, मग सही.” लोक तिला गोगलगाय म्हणू लागले आणि तिने ते नाव खुशाल घेतलं. निवडीचं काम आता यंत्रं करतात. ती खोली कागदांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे.

मी सुईदोऱ्याच्या डब्यातच राहिले. मित्रांनो, मला फेकून दिलं असतं तर मी रागावले नसते, नोटेचा शेवट तोच असतो. पण मला खरेपणाचं माप म्हणून भिंतीवर चढवलं आणि नंतर मला कोणी तपासून बघितलं नाही, ही जखम भरत नाही. तुमच्याकडेही काही ना काही माप असेल. घड्याळ असेल, तराजू असेल, ज्याचा शब्द तुम्ही न तपासता मानता असा माणूस असेल. त्याची काळजी घ्या. वर्षातून एकदा ते खाली उतरवून पुसा आणि उजेडात धरून बघा. ते मळलं तर पहिला बळी जातो तो त्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवणाऱ्याचा.

चाळणीबाई आणखी एकोणीस वर्षं जगल्या. त्यांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, हे मी डब्यातून पाहिलं आहे. घरात कोणी नसलं की त्या सुई उचलत आणि एका झटक्यात दोरा ओवत. धाकट्या बहिणीला मात्र आपल्या मुलाने काय केलं ते कधी कळलं नाही. तिच्या पावलांचा आवाज आला की चाळणीबाई ओवलेला दोरा हळूच ओढून काढत आणि सुई पुढे धरत.

“ओवून दे गं,” त्या म्हणत. “मला दिसत नाही.”